पाच छोट्या वर्कशॉपनी मिळून एक मोठी ऑर्डर कशी घ्यायची: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी पायरी पायरीनं

कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर किंवा सातारा एमआयडीसीत ज्याचं छोटं शॉप आहे त्याला हे रोजचं आहे. पुण्याच्या कंपनीची एन्क्वायरी येते, तिला कास्टिंगपासून पावडर कोटिंगपर्यंत तयार पार्ट पाहिजे असतो, आपल्याकडं फक्त दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) असतात, मग आपण "नाही जमणार साहेब" म्हणतो आणि ती ऑर्डर मोठ्या पार्टीकडं जाते. ती मोठी पार्टी त्यातलं मशीनिंग परत आपल्यालाच जॉबवर्कला (माल त्यांचा, मजुरी आपली) देते, अर्ध्या भावात! आमचा पाच जणांचा गट यातूनच उभा राहिला आणि आता नीट चाललाय. नवीन लोक सारखे विचारतात कसं केलं, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

याला व्हर्च्युअल ऑर्गनायझेशन म्हणतात. प्रत्येकाचं शॉप, जीएसटी नंबर, कामगार, कर्ज सगळं ज्याचं त्याच्याकडंच राहतं. ग्राहकाला मात्र समोर एकच सप्लायर दिसतो. एखादी ऑर्डर आली की त्या ऑर्डरपुरती टीम बनते, माल गेला, पैसे आले, हिशोब झाला की ती टीम संपते, पुढच्या ऑर्डरला टीम वेगळी असू शकते. सहकारी सोसायटीसारखं यात नोंदणी, निवडणूक, इमारत काही नसतं, आणि सगळ्यांनी मिळून एकच कंपनी काढणं पण नाही.

आपल्याकडं हे अगदीच परकं नाही. मिरजेच्या सतारी बघा, भोपळे पंढरपूरकडच्या भागातून येतात, लाकूडकाम एकाचं, पॉलिश आणि कोरीव काम दुसऱ्याचं, तारा चढवून जवारी (सुराची गुंज) लावणारा हात वेगळा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते असल्या एकमेकांवर उभ्या असलेल्या कामाचंच आहे. आपल्याला फक्त तेच ड्रॉइंग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि जीएसटीच्या जगात बसवायचंय.

१. आधी गट बनवा, ऑर्डर नंतर

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे म्हणून पहिली. बहुतेक लोक उलटं करतात, ऑर्डर हातात येते मग फोनाफोनी सुरू होते, "तू कास्टिंग दे, तू कोटिंग कर, पैशाचं बघू नंतर". ते नंतरचं बघणं कधीच नीट होत नाही कारण तोपर्यंत डिलिव्हरीची तारीख डोक्यावर आलेली असते आणि प्रत्येकाला आपला माल तेवढा बाहेर काढायचा असतो.

म्हणून दोन थर वेगळे ठेवा. एक कायमचा गट, त्यात कोण आहे, कोणाकडं काय मशीन आहे, नियम काय, भांडण झालं तर कोण सोडवणार हे ऑर्डर नसताना शांतपणे ठरलेलं असतं. आणि दुसरी ऑर्डरपुरती टीम, जी या गटातूनच दोन दिवसात उभी राहते. दोन दिवसात उभी राहते ती गटाचं काम आधीच झालंय म्हणूनच.

२. कोणाला घ्यायचं

सुरुवातीला पाच ते सात जण पुरे. एकमेकांना पूरक कामं पाहिजेत: एक फाउंड्री किंवा फाउंड्रीशी पक्के संबंध असलेला माणूस, मशीनिंगवाले दोन, फॅब्रिकेशन, कोटिंग किंवा प्लेटिंग, आणि इन्स्पेक्शन कळणारा एक. सगळेच लेथवाले घेतले तर तो गट नाही, रांग झाली. मशीनिंगवाले दोन सांगितले ते मुद्दाम, एकाचं मशीन बंद पडलं तर दुसरा पाहिजे.

मैत्री आहे म्हणून घेऊ नका. शॉपवर जा, तासभर थांबा, आणि हे बघा:

- रिजेक्ट माल वेगळा लाल ट्रेमध्ये आहे का चांगल्याच मालात पडलाय
- व्हर्निअर, मायक्रोमीटर कधी कॅलिब्रेट केले, सर्टिफिकेट आहे का
- जुन्या रेव्हिजनची ड्रॉइंग भिंतीवर तशीच चिकटलेली आहेत का
- जीएसटी रिटर्न वेळेवर जातात का. हे त्याला विचारायची पण गरज नाही, जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकला की कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं ते सगळ्यांना दिसतं

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. त्यानं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरलं नाही तर त्याच्या बिलाचा टॅक्स तुमच्या २बी मध्ये (तुम्हाला मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटच्या यादीत) येणार नाही आणि तेवढं क्रेडिट तुमचं अडकलं. काम कितीही सुंदर असू दे, रिटर्न न भरणारा माणूस गटाला परवडत नाही.

प्रत्येक मेंबरकडून घ्यायची कागदं: उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, कॅन्सल चेक, मशीनची यादी, इन्स्ट्रुमेंटची यादी, शॉपचा पत्ता आणि लाइट बिल, असेल तर आयएसओ सर्टिफिकेट, कोटिंग आणि प्लेटिंगवाल्याकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. प्लेटिंगच्या संमतीची मुदत बघा, मोठी कंपनी ऑडिटला आली की पहिलं तेच मागते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्ण फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन बसलं की होते. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत, त्यांच्या नादाला लागू नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, प्लांट-मशिनरीत अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी पर्यंत सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटी पर्यंत लघु. म्हणजे आपल्यातले जवळपास सगळे सूक्ष्ममध्येच बसतात. ही नोंदणी का पाहिजे ते पैशाच्या पायरीत कळेल.

३. क्षमतेचा तक्ता

एक गुगल शीट, सगळ्यांना दिसणारं. मेंबर, मशीन, जास्तीत जास्त कुठला साइज बसतो, किती टॉलरन्स खात्रीनं धरता येतो, या आठवड्यात किती तास रिकामे. दर सोमवारी सकाळी प्रत्येकानं आपापली ओळ भरायची.

लोक इथं फुगवून लिहितात. वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरणारा दहा लिहितो. म्हणून एक नियम ठेवा, जे लिहिलंय त्याचे मागच्या एखाद्या जॉबचे इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडायचे, नसेल तर तो आकडा कोटेशनला वापरायचा नाही.

४. ग्राहकाशी बोलणारा एकच, आणि काम हलवणारा एकच

जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर बोडेनझे तलावाच्या आजूबाजूला छोट्या कारखान्यांनी १९९० च्या दशकात असंच एक नेटवर्क उभं केलं, सेंट गालन विद्यापीठाच्या मदतीनं, नाव व्हर्च्युअल फॅक्टरी. त्यांनी कामं माणसांवर नीट वाटली होती: ऑर्डर शोधून आणणारा ब्रोकर वेगळा, आलेली ऑर्डर वेळेत पूर्ण करून घेणारा ऑर्डर मॅनेजर वेगळा, गट म्हणून नियम पाळले जातात का बघणारा वेगळा. इटलीत प्रातो गावच्या लोकरीच्या धंद्यात तर इम्पान्नातोरे म्हणून एक माणूस असतो, बऱ्याचदा त्याचा स्वतःचा एक माग पण नसतो, तो गिऱ्हाईकाची ऑर्डर घेतो, सूतकताई, विणाई, रंगाई वेगवेगळ्या छोट्या शॉपमध्ये करून घेतो आणि तयार कापडाची जबाबदारी स्वतः घेतो.

आपल्या गटात पण निदान दोन माणसं ठरलेली पाहिजेत. एक लीड, म्हणजे ग्राहकाशी बोलणार, कोटेशन देणार, पीओ (ग्राहकाची लेखी खरेदी ऑर्डर) त्याच्या नावावर येणार. दुसरा ऑर्डर सांभाळणारा, म्हणजे आज माल कुणाकडं आहे, उद्या कुठं जायचाय, कोण मागं पडलाय हे बघणार. लहान ऑर्डरला दोन्ही एकच माणूस असला तरी चालतं पण त्याला त्या कामाचे पैसे द्या. "तो आपलाच आहे, करतोय की" असं म्हणून फुकट करून घेतलं तर तिसऱ्या ऑर्डरला तो फोन उचलणं बंद करतो, आणि त्यात त्याची काय चूक?

ग्राहकाचा खरेदी खात्याचा माणूस थेट एखाद्या मेंबरला फोन करणारच, ओळख असते. त्यानं एवढंच म्हणायचं, "साहेब, लीडशी बोलून सांगतो". डिलिव्हरीची तारीख दोन तोंडांनी दोन सांगितली की गटाची पत गेली.

५. बिल कोण करणार

तीन रस्ते आहेत.

पहिला, लीडच्या नावानं पीओ, लीड ग्राहकाला बिल करतो, बाकीचे लीडला माल विकतात किंवा जॉबवर्क करतात. सुरुवातीला हाच घ्या. कागद सगळ्यात कमी आणि ग्राहकाला पण हेच सवयीचं आहे.

दुसरा, प्रत्येकजण ग्राहकाला आपापल्या भागाचं वेगळं बिल करतो. ग्राहक सहसा तयार होत नाही, त्याला पाच व्हेंडर कोड उघडायचे नसतात.

तिसरा, सगळ्यांनी मिळून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड काढायची आणि तिनं सगळ्यांकडून काम करून घ्यायचं. वर्षभर एकत्र काम झालं, ऑर्डर सारख्या येतायत, तर नक्की विचार करा. पण पहिल्या दिवशी नको, कारण ऑर्डर नसली तरी दरवर्षीचं फायलिंग आणि सीएची फी चालूच राहते.

६. करारनामा

तोंडी ठरलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं ठरलेलं असतं. कायमच्या गटाचा एक करारनामा करा, ५०० रुपयांच्या स्टँपवर, सगळ्यांच्या सह्या, वकिलाकडून एकदा बघून घ्या. आणि प्रत्येक ऑर्डरला त्याखाली एक पानी ऑर्डर शीट: कोण काय करणार, कितीला, कुठल्या तारखेपर्यंत.

करारात हे मुद्दे आलेच पाहिजेत.

पहिलं म्हणजे ही भागीदारी नाही हे स्पष्ट लिहा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात एका भागीदाराच्या देण्याला बाकीचे पण जबाबदार असतात. नुसतं एकत्र काम केलं म्हणून भागीदारी होत नाही, पण नफा एकत्र जमा करून वाटायला लागलात तर उद्या कुणीतरी तसा दावा करू शकतो, आणि इन्कम टॅक्सवाले पण सगळ्या गटाला मिळून एक एओपी (व्यक्तींचा समूह) धरून टॅक्स मागू शकतात. म्हणून नुसतं लिहून थांबू नका, वागणं पण तसंच ठेवा, प्रत्येकाचं काम वेगळं, त्याचा ठरलेला भाव वेगळा, बिल वेगळं, नफा-तोटा ज्याचा त्याचा. सामाईक बँक खातं काढून त्यातून नफा वाटणं सीएला विचारल्याशिवाय करूच नका.

दुसरं ग्राहक पळवण्याबद्दल. सगळ्यांना हीच भीती असते आणि सगळे करारात ठोकून लिहितात की गट सोडल्यावर पाच वर्ष या ग्राहकाचं काम करायचं नाही. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करायलाच बंदी घालणारा करार चालत नाही, त्यामुळं गट सोडलेल्या माणसावर ते कलम कोर्टात टिकणं अवघड आहे. गटात असेपर्यंतची अट ठेवा, ती ठीक आहे. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे ज्यानं ग्राहक आणला त्याला त्या ग्राहकाच्या प्रत्येक ऑर्डरवर ठरलेली टक्केवारी द्या. आणणाऱ्याचं पोट भरतं, मग लपवाछपवी आपोआप कमी होते.

तिसरं, ड्रॉइंग आणि भाव बाहेर जाणार नाहीत. ग्राहकानं लीडकडून गोपनीयतेची सही घेतलेली असते, तीच अट जशीच्या तशी मेंबरवर पण पाहिजे.

चौथं, भांडण. लवाद कोण ते नाव घालून ठरवा, असोसिएशनमधला एखादा ज्येष्ठ माणूस ज्याचं दोन्ही बाजू ऐकतील, आणि जागा सांगली किंवा सातारा. हे आधी लिहिलं नाही तर दोन लाखाच्या भांडणासाठी वर्षानुवर्ष तारखा.

पाचवं, बाहेर पडणं. हातातलं काम पूर्ण करून, गटाची फिक्स्चर (पार्ट धरायची साधनं) आणि गेज (माप तपासायची साधनं) परत देऊन, मग जायचं.

७. कोटेशन

समजा ५०० नगांची ऑर्डर आहे, ग्राहकाचा भाव नगाला १,२०० रुपये, म्हणजे ६ लाख. याची फोड सगळ्यांसमोर अशी करा: कास्टिंग ४२०, मशीनिंग ३८०, कोटिंग ११०, पॅकिंग आणि टेम्पो ७०, इन्स्पेक्शन ४०, लीड आणि ऑर्डर सांभाळणारा मिळून ६०, रिजेक्शनसाठी राखीव ६०, पैसे अडकण्याचं व्याज ६०. झाले १,२००.

शेवटच्या तीन ओळी नवीन गट टाकतच नाहीत. कास्टिंग अधिक मशीनिंग अधिक कोटिंग अधिक टेम्पो करून वर थोडा नफा ठेवून भाव देतात, आणि मग रिजेक्शन आलं की ते कुणाच्या खिशातून जायचं यावर गट फुटतो. ६० रुपयांचा राखीव पूर्ण वापरला गेला नाही तर उरलेला कुणाला किती हे पण ऑर्डर शीटवर आधीच लिहा. आमच्याकडं त्याची सोपी पद्धत आहे, लीड तेवढी वाढीव रक्कम मेंबरच्या शेवटच्या बिलात घ्यायला सांगतो.

आणखी एक, लीडनं ग्राहकाचा खरा भाव लपवू नये. लपवलेला भाव कधी ना कधी बाहेर येतोच, ट्रान्सपोर्टवाल्याकडच्या बिलावर दिसतो, आणि नंतर कितीही समजावलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही.

८. ड्रॉइंग आणि क्वालिटी: काम सांध्यावर बिघडतं

यावर जरा जास्त लिहितो कारण खरी मजबुती इथंच आहे. एका छताखालच्या कारखान्यात जे आपोआप होतं ते पाच शॉपमध्ये ठरवून करावं लागतं. प्रत्येकजण आपलं काम बरोबर करतो आणि तरी पार्ट चुकीचा होतो, कारण एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या जागेची जबाबदारी कुणाचीच नसते.

कोटिंगचं उदाहरण घ्या. पावडर कोटिंग साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतं. मशीनिंगवाल्यानं बोअर (पार्टमधलं गोल भोक) अगदी ड्रॉइंगप्रमाणं केला, कोटिंगवाल्यानं पण छान कोटिंग केलं, फक्त बोअरला मास्किंग (कोटिंग बसू नये म्हणून झाकणं) करायचं त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि असेंब्लीला बेअरिंग बसेना. चूक कुणाची? ऑर्डर शीटवर "बोअर आणि थ्रेडला मास्किंग, प्लग मशीनिंगवाला देणार" एवढी एक ओळ असती तर हा प्रश्नच आला नसता. तसंच मशीनिंगनंतरचं तेल कोण साफ करणार, कोटिंगला माल जाईपर्यंत गंजू नये म्हणून काय लावायचं, हे प्रत्येक सांध्याला लिहा.

मोजमापात पण असंच. एकाचा मायक्रोमीटर पास म्हणतो, दुसऱ्याचा फेल. गटासाठी एक मास्टर ठेवा, स्लिप गेज किंवा त्या पार्टचा प्लग गेज, तो मालाबरोबर फिरू दे, आणि वाद झाला तर मास्टर सांगेल तेच खरं. मशीनवरनं काढलेला गरम पार्ट लगेच मोजू नका, ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असतं ते सांगायला नको. अॅल्युमिनियमच्या पार्टला तर हा फरक नक्की दिसतो.

ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून कधीच पाठवू नका, फोटो दाबला जातो आणि ३ चा ८ दिसतो. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, त्यापेक्षा चांगलं म्हणजे गुगल ड्राइव्हवर एकच फोल्डर, त्यात फक्त चालू रेव्हिजन, जुनी रेव्हिजन वेगळ्या फोल्डरला. रेव्हिजन बदलली की लीडनं प्रत्येकाला फोन करायचा, नुसता मेसेज नाही, आणि "जुना प्रिंट फाडला" असं उत्तर घ्यायचं.

पहिला नग सगळ्या पायऱ्यांतून पूर्ण करून, मापं घेऊन, ग्राहकाकडून पास करून घेतल्याशिवाय बाकीचे ४९९ सुरू करायचे नाहीत. घाई कितीही असू दे.

मालाबरोबर एक ट्रॅव्हलर कार्ड फिरवा: हीट नंबर (धातूच्या कुठल्या ओतणीतला माल), किती नग आले, किती पास, किती रिजेक्ट, कुणी तपासले, सही. कास्टिंगबरोबर मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट.

आता रिजेक्शनचा खर्च कुणाचा. सगळ्यात जास्त भांडण ब्लो होलवर होतं, कास्टिंग बाहेरून चांगलं दिसतं, मशीनिंग केल्यावर आतलं भोक उघडं पडतं, फाउंड्रीवाला म्हणतो कास्टिंग बदलून देतो, मशीनिंगवाला म्हणतो माझे ३८० रुपये कोण देणार. आमचा नियम असा आहे की कास्टिंगचा दोष असेल तर फाउंड्री नवीन कास्टिंग देते आणि मशीनिंगचे निम्मे पैसे पण, उरलेले निम्मे राखीव रकमेतून. मशीनिंगमध्ये माप गेलं तर मशीनिंगवाला कास्टिंगची किंमत भरतो. तुमचा नियम वेगळा असू शकतो, दोन्ही बाजूंना पटणारा पाहिजे एवढंच.

९. माल एकाकडून दुसऱ्याकडं नेताना

जॉबवर्कला जाणारा माल डिलिव्हरी चलनावर जातो, तीन प्रतीत. "हाय काय, शेजारच्या गल्लीत तर जायचंय" म्हणून चलनाशिवाय टेम्पो सोडू नका.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागतं, दुसऱ्या राज्यात ५० हजाराच्या वर. पण आपल्या भागातला सापळा असा की बेळगाव जवळ आहे, तिथं फाउंड्री आणि प्लेटिंगची कामं करून घेतो, आणि ते कर्नाटक आहे. जॉबवर्कला परराज्यात माल पाठवताना किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतंच. दहा हजाराचा माल आहे म्हणून तसाच नेला आणि निपाणीच्या पुढं गाडी अडवली तर डिलिव्हरी तर चुकतेच, वर दंड.

जॉबवर्कला पाठवलेला माल १ वर्षात परत आला पाहिजे, मशिनरी असेल तर ३ वर्षात, नाहीतर तो विकलाच असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट भरावा लागतो. जिग, फिक्स्चर, डाय यांना ही मुदत नाही. माल पाठवणाऱ्याला आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरावा लागतो, उलाढाल ५ कोटीपर्यंत असेल तर वर्षातून एकदा. टर्निंगचा स्क्रॅप कुणाचा हे पण आधी ठरवा, अॅल्युमिनियम किंवा पितळ असेल तर स्क्रॅपची किंमत बरीच असते आणि त्यावरनं मनं दुखावतात.

१०. पैसे

लीड होणाऱ्यानं ही पायरी दोनदा वाचा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं उद्यम असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात आणि करार नसेल तर १५ दिवसात द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. आपण हे नेहमी मोठ्या कंपनीविरुद्ध वापरायचं शस्त्र म्हणून ऐकतो, पण गटात लीड हाच मेंबरचा ग्राहक असतो! म्हणजे कंपनी लीडला ९० दिवसांनी पैसे देणार आणि लीडनं मेंबरना ४५ दिवसात द्यायचे. शिवाय इन्कम टॅक्समध्ये असेसमेंट वर्ष २०२४-२५ पासून अशी मुदत उलटलेली देणी ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरतात, ज्याला सगळे ४३बी(एच) म्हणतात. ३१ मार्चला लीडच्या पुस्तकात मेंबरची जुनी देणी उभी असली तर न मिळालेल्या नफ्यावर टॅक्स भरायची वेळ येते.

यातून वाट काढायची तर:

- ग्राहकाकडून २५-३० टक्के अॅडव्हान्स मागा, निदान कच्च्या मालाएवढा. मागितला तर बऱ्याच वेळा मिळतो
- ग्राहकाशी ४५ दिवसांचीच अट पीओवर लिहून घ्या. लीडचं उद्यम असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे
- २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी करायला लावलंय. तिथं कंपनीनं बिल मान्य केलं की बँका बोली लावून ते आधी वटवतात, आणि पुढं कंपनीनं पैसे चुकवले तर सहसा तुमच्या मागं लागत नाहीत. लीडनं तिथं नोंदणी करून ठेवावी
- पैसे आले की दोन दिवसात वाटप, आणि वाटपाचं शीट ग्रुपवर. लीडनं गटाचे पैसे स्वतःच्या मशीनच्या हप्त्याला वळवले की गट संपला असं समजा

कंपनीनं पैसे दिलेच नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते. त्यासाठी पीओ, बिल, चलनावर माल मिळाल्याची सही आणि उद्यम सर्टिफिकेट लागतं, म्हणून सही शिक्क्याची चलनं जपून ठेवा.

११. सरकारी टेंडर भरताना

केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांना त्यांच्या खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचं धोरण आहे, आणि उद्यम असेल तर सहसा ईएमडी (टेंडरची अनामत रक्कम) माफ असते. गटानं मिळून भरायचं असेल तर टेंडरमध्ये कन्सोर्शियम चालेल असं लिहिलंय का बघा, आणि अटी वाचा, बहुतेक ठिकाणी सगळे मेंबर एकत्र आणि वेगवेगळे पण जबाबदार धरतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. गटातल्या तिघांनी त्याच टेंडरला तीन वेगळ्या बोली भरायच्या आणि भाव आपसात ठरवायचे. हे अनेक ठिकाणी चालतं म्हणून लोकांना साधं वाटतं, पण २००२ च्या स्पर्धा कायद्यात ही सरळ बोली-संगनमताची केस आहे, दंड उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि वर ब्लॅकलिस्ट. एकत्र भरा, एकच बोली, उघडपणे.

१२. हळद, बेदाणा, स्ट्रॉबेरीवाल्यांसाठी थोडक्यात

गटाची पद्धत तीच, सांधे वेगळे. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जीआय आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला पण, पण ते चिन्ह पाकिटावर छापायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी पाहिजे, गटातल्या एकाची आहे म्हणून सगळ्यांना छापता येत नाही. दळणारा, पॅक करणारा, विकणारा प्रत्येकाचं एफएसएसएआय (अन्न परवाना) वेगळं, आणि लेबलवर खरोखर कुणी बनवलं, कुणी पॅक केलं तेच नाव. लॉट नंबर शेतकऱ्यापासून पाकिटापर्यंत एकच ओढत न्या, एक पोतं खराब निघालं तर सगळा माल परत आणायला लागू नये.

१३. ऑर्डर संपल्यावर

शेवटचे पैसे आल्यावर आठ दिवसात सगळ्यांनी तासभर बसा. उरलेलं कास्टिंग, प्लग, गेज, पॅकिंगच्या पेट्या कुणाकडं आहेत ते मोजून परत घ्या, नाहीतर पुढच्या ऑर्डरला शोधत बसाल. उघडी राहिलेली चलनं बंद करा. राखीव रकमेचा हिशोब वाचून दाखवा. कुठल्या पायरीला किती नग रिजेक्ट झाले आणि कोण किती दिवस मागं पडला ते क्षमतेच्या शीटवर त्या मेंबरच्या ओळीत लिहा, नाव घेऊन, तोंडावर, पण आवाज न चढवता. दोन ऑर्डरला लागोपाठ उशीर झाला तर तिसरीला त्याला टीममध्ये घेऊ नका, गटात राहू दे, मशीन किंवा माणसाचा प्रश्न सुटला की परत घ्या.

आणि पहिली ऑर्डर छोटीच घ्या, ५० नग, ओळखीचा ग्राहक, तीन मेंबर. करारनाम्यात काय लिहायचं राहून गेलंय ते त्या ५० नगातच दिसतं आणि तेवढ्यात दुरुस्त पण करता येतं.